उतारावर ट्रॅक्टर उभा करताना

ट्रॅक्टर घेतल्याबद्दल अभिनंदन, भाऊ! इंदूरजवळच्या सिमरोलकडचं शेत म्हणजे चढउतार आलेच, म्हणून नांगरणीच्या आधी ट्रॅक्टर उभा करायला शिका. बाकी गोष्टी पुढच्या हंगामात.

सगळ्यात मोठी चूक ब्रेकच्या पेडलांची. शेतात वळायला सोपं जावं म्हणून मागच्या एकेका चाकाचं डावं-उजवं पेडल सुटं करतो, आणि तसंच विसरतो. मग हँडब्रेक लावला तरी बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांत एकच मागचं चाक धरलं जातं. माझा असाच हळूहळू तिरपा होत बांधाला जाऊन टेकला होता. मी तेव्हा खाली उभा राहून चहा ओतत होतो! तेव्हापासून आधी दोन्ही पेडलं जोडणारी कडी लावतो, मग दोन्ही एकत्र दाबून हँडब्रेक ओढतो.

उतरण्यापूर्वी एवढं करा:
- अवजार जमिनीवर टेकवा.
- इंजिन बंद करून गिअर टाका: तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स.
- उताराच्या बाजूने चाकाला दगड किंवा लाकडी ठोकळा. ट्रॉली जोडलेली असेल तर तिच्या चाकांनाही.

पावसाळ्यात आपली काळी माती साबणासारखी होते. ब्रेक चाक धरतो, माती नाही. तेव्हा सपाट जागा शोधा, शंभर पावलं चालावं लागलं तरी.

आणि ट्रॅक्टर घरंगळायला लागलाच, तर उडी मारून चढायला धावू नका. बाजूला व्हा. पत्रा ठोकून मिळतो.