केनियातील मोंबासात नव्याने येणाऱ्या मिशनरी दांपत्यास

फोर्ट जीझस तुम्ही उभयतांनी सकाळीच पाहून घ्यावा, कारण पोर्तुगिजांनी १५९३ मध्ये बांधायला घेतलेल्या या किल्ल्याच्या तटावर दुपारचे ऊन सोसवत नाही. जुन्या शहरात अंगभर वस्त्रे असावीत आणि विचारल्यावाचून कोणाचे छायाचित्र काढू नये. खरा वेळ मात्र खाडीपलीकडे द्यावा. न्याली येथे जर्मन मिशनरी योहान क्राफ यांच्या पत्नीची कबर आहे. हे दांपत्य १८४४ मध्ये येथे आले आणि त्याच वर्षी क्राफ यांच्या पत्नी प्रसूतीनंतर वारल्या. जवळच १८७५ मध्ये मुक्त गुलामांसाठी वसवलेले फ्रिअरटाउन आहे, ज्याच्या उभारणीत नाशिकच्या शरणपूर मिशनमध्ये शिकलेल्या आफ्रिकी ख्रिस्ती मंडळींचा मोठा वाटा होता (आपल्याकडे हे फारसे कोणाला ठाऊक नसते). तेथील जुनी घंटा पाहिल्याशिवाय परतू नये.