‘न्यू’ लिहिले नाही, तर काय बिघडते?

प्रश्न : वाहन क्रमांक तपासण्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये ‘जी’ फ्लॅगचा (सर्व जुळण्या शोधायला सांगणारी खूण) रेगएक्स्प ऑब्जेक्ट, म्हणजे मजकुरात ठरावीक नमुना शोधणारा ऑब्जेक्ट, केला आणि त्यावरून ‘न्यू’ (नवा ऑब्जेक्ट बनवण्याचा शब्द) न लिहिता दुसरा बनवला. तरीही बेळगावचा ‘केए २२’ने सुरू होणारा एकच क्रमांक आलटून पालटून बरोबर आणि चूक ठरतो. असे का व्हावे? – एक वाचक, खानापूर

उत्तर : आपला दुसरा ऑब्जेक्ट मुळात दुसरा नाहीच. रेगएक्स्पला ‘न्यू’शिवाय बोलावून त्यात आधीचा रेगएक्स्प दिला आणि फ्लॅग दिले नाहीत, तर सहसा तोच ऑब्जेक्ट परत मिळतो, ‘न्यू’ लिहिल्यास मात्र नेहमी नवा मिळतो व त्याचा लास्टइंडेक्स (पुढचा शोध जिथून सुरू करायचा ते स्थान) शून्य असतो. ‘जी’ असताना ‘टेस्ट’ ही नमुना जुळतो का ते सांगणारी मेथड जुळणी जिथे संपली ते स्थान लास्टइंडेक्समध्ये ठेवते आणि पुढचा शोध तिथूनच सुरू करते, त्यामुळे दुसऱ्या खेपेला तोच क्रमांक सापडत नाही आणि लास्टइंडेक्स पुन्हा शून्यावर येतो. खरे तर एकेक क्रमांक तपासायला ‘जी’ची गरजच नाही, तो काढून टाकावा.

ऑब्जेक्ट नवा की तोच, याची चाचणी लिहिताना केवळ सोर्स (नमुन्याचा मजकूर) आणि फ्लॅग्ज ताडून पाहणे अपुरे आहे, कारण ते ‘न्यू’ लिहिले किंवा नाही तरी सारखेच येतात. दोन्ही ऑब्जेक्ट तिहेरी बरोबर चिन्हाने (===) ताडावेत. रेगएक्स्पसोबत वेगळे फ्लॅग देणे जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या आवृत्तीपूर्वी टाइपएरर ठरत असे, आता त्यातून नवा ऑब्जेक्ट मिळतो, म्हणून जुन्या चाचण्या तशाच उचलू नयेत. एकच फ्लॅग दोनदा दिल्यास सिंटॅक्सएरर येतो, हेही तपासावे.