आधी साल पडताळ

अनेक आशीर्वाद.

आयर्लंडच्या पाचव्या ते अकराव्या शतकाचा अभ्यास कुठून सुरू करू, असं विचारलंस. शकावल्यांपासून, म्हणजे मठांतल्या वर्षवार नोंदींपासून कर. पण पहिले काही आठवडे राजे आणि लढाया बाजूला ठेवून नुसती सालं पडताळ. नवख्याची फसगत तिथेच होते.

व्हायकिंगांचा आयर्लंडवरचा पहिला नोंदलेला हल्ला घे. 'फोर मास्टर्स' या चार आयरिश संकलकांच्या शकावलीत तो 790 खाली सापडतो, अल्स्टर या उत्तरेकडच्या प्रांताच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शकावलीच्या हस्तलिखितात 794 खाली, आणि खरं साल 795. हल्ला एकच. अल्स्टरच्या हस्तलिखितातले इसवीचे आकडे पाचव्या शतकाच्या अखेरीपासून साधारण 1013 पर्यंत एकाने मागे चालतात. छापील आवृत्तीत संपादकाने तो एक आधीच मिळवलाय का, हे प्रस्तावनेत बघून घे, नाहीतर दोनदा मिळवशील. फोर मास्टर्सना असा ठरलेला हिशेब लागू पडत नाही. शकात 78 मिळवले की झालं, ही आपली सवय तिथे अंगलट येते. त्यांनी 1632 ते 1636 या काळात जुन्या वह्यांवरून संकलन केलं आणि वर्षारंभीची वाराची नि चंद्राची खूण गाळून टाकली. मोठं काम, पण सालासाठी त्यांच्यावर विसंबू नये.

ती खूणच तुझं खरं हत्यार. अल्स्टरच्या शकावलीत 1014 च्या आरंभी 1 जानेवारीचा वार सहावा आणि चंद्राचं वय, म्हणजे अमावास्येपासूनचे दिवस, 26 दिलंय. रविवार पहिला धरायचा, म्हणजे सहावा शुक्रवार. ताळा ज्युलियन पंचांगावरच घे. आजचं ग्रेगोरियन वापरलंस तर वार चुकतो. चंद्राचा हिशेब असा: 1014 ला 19 ने भाग, बाकी 7. बाकीला 11 ने गुण, 77. त्यात 9 मिळव, 86. त्यातून तीस-तीस काढत गेलास की उरतात 26. जुळलं.

त्या वर्षाची नोंद पुढे म्हणते की संत ग्रेगरीचा सण ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ लागायच्या आधी आला आणि ईस्टरनंतरचा रविवार उन्हाळ्यात पडला. हेही तपास. ग्रेगरीचा सण 12 मार्चला, उपवासकाळाचा पहिला रविवार 14 मार्चला. ईस्टर 25 एप्रिलला, म्हणजे येऊ शकतो तितक्या उशिरा. पुढचा रविवार 2 मे, आणि आयरिश उन्हाळा 1 मेला सुरू होतो. आयरिश राजा ब्रायन बोरू पडला ती डब्लिनजवळच्या क्लॉन्टार्फची लढाई गुड फ्रायडेची, म्हणजे 23 एप्रिलची. सगळं एकमेकांत चपखल बसतं.

मात्र दर वर्षी इतकं सुख मिळणार नाही. रोमन अंकांतल्या उभ्या रेघा नकलनविसांना चकवतात. दोन रेघांचा ii (दोन) आणि u (पाच) यांत सहज गल्लत होते. म्हणून एकट्या वर्षाच्या खुणेवर भिस्त ठेवू नकोस, सलग पाच-सहा वर्षांच्या खुणा क्रमाने येतात का ते बघ.

दुसरा ताळा आकाशाचा. 664 चं सूर्यग्रहण आयरिश नोंदीत 1 मेला आहे आणि ते बरोबर आहे; इंग्लंडच्या बीड या इतिहासकाराने 3 मे लिहिलं. तारीख बरोबर म्हणजे कुणीतरी बघून त्याच सुमारास टिपून ठेवलेली. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अशा समकालीन नोंदी मिळू लागतात, त्यातल्या बऱ्याच स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावरच्या मठातल्या. त्याआधीचं बरंचसं मागाहून भरलेलं. संत पॅट्रिकचा मृत्यू एकाच शकावलीत 457, 461 आणि 493 अशा वेगवेगळ्या ठिकाणी येतो, यातच काय ते समज. पाचव्या शतकातल्या सालावर सिद्धांत उभारायला जाऊ नकोस.

आता नावं. सूचीत शोधताना षष्ठीचं रूपही शोध. नियाल हे नाव 'मॅक' (मुलगा) किंवा 'ई' (वंशज) या शब्दांमागोमाग आलं की नेल होतं, डोनलची अक्षरंही बदलतात. एकच रूप शोधून 'नोंद नाही' असं लिहिणारे पुष्कळ पाहिलेत. स्थळांबाबत घाई नको. 795 च्या हल्ल्यातलं 'रेख्रू' बेट डब्लिनजवळचं लॅम्बे की उत्तरेचं रॅथलिन, हा वाद अजून मिटलेला नाही. टिपणात दोन्ही नावं लिही आणि पुढे प्रश्नचिन्ह ठेव.

कळावे.