चॅनेलची किल्ली आधी देऊन टाक, मग तिकीट घे

पोरा,

तुझा मेसेज वाचला. पार्टीचे लोक घरी येऊन गेले, उभं रहा म्हणाले, निवडून आलास तर मंत्रीपदाचं बघू म्हणाले, आणि तू विचारतोस की आपलं न्यूज चॅनेल चालू ठेवून हे जमेल का. जमेल म्हणणारे तुला खडेबाजारात पावलोपावली भेटतील. मी नाही म्हणतो. राजकारणात जा, जरूर जा, स्टाफचे पगार भागवलेला, धंद्याचा हिशोब कळणारा आपल्या भागातला मराठी माणूस विधानसौधात पाहिजेच, पण चॅनेल सोडून जा.

आधी मंत्रीपदाचं बोलू, कारण त्यावरच तुझं मन गेलेलं दिसतंय. कर्नाटक विधानसभेच्या जागा 224, मंत्री पंधरा टक्क्यांच्या वर करता येत नाहीत म्हणजे मुख्यमंत्री धरून 34. एकट्या आपल्या बेळगाव जिल्ह्यात 18 मतदारसंघ आहेत आणि त्यातले मुरलेले लोक किती वर्षं रांगेत आहेत ते तुझ्याच चॅनेलवर रोज दाखवतोस. तेव्हा तो शब्द मोजायचा नाही. आमदार म्हणून पाच वर्षं राबायची तयारी असेल तरच हो म्हण.

आता चॅनेल. तू लिहिलंयस, बायकोच्या नावावर करतो. अरे, मंत्र्यांसाठी जी आचारसंहिता आहे ती केंद्रालाही लागू आणि राज्यांनाही, त्यात स्पष्ट आहे की मंत्री होण्याआधी धंद्याच्या कारभारातून अंग काढून घ्यायचं, घरातल्या सज्ञान माणसाकडे तो सोपवता येतो पण नवराबायको सोडून, आणि तो माणूस आधीपासून त्या धंद्यात असला पाहिजे. म्हणजे तुझ्या बायकोचं नाव बादच. तुझा भाऊ हिशोब बघतो, तो कागदावर चालेल. पण कागदावर चाललं म्हणून लोकांत चालतं असं नाही, दयानिधी मारनांचं काय झालं ते बघ. तमिळ सन टीव्हीचं घराणं, 2004 ला केंद्रात थेट टेलिकॉम आणि आयटी खात्याचे मंत्री. मे 2007 मध्ये भावाच्या ‘दिनकरन’ पेपरनं यांचेच पक्षप्रमुख करुणानिधी यांचा वारस कोण यावर सर्व्हे छापला, मदुराईत ऑफिसवर हल्ला झाला, तिघे कर्मचारी जिवानिशी गेले, आणि काही दिवसांत यांना मंत्रीपद सोडावं लागलं. सर्व्हे यांनी केला नव्हता. कोण ऐकून घेतंय? पेपर भावाचा म्हणजे पेपर तुझा, लोकांचा हिशोब एवढाच असतो.

दुसरं, चॅनेल आहे म्हणजे मतं आहेत हा भ्रम काढून टाक. राजेंद्र दर्डांच्या घरचा लोकमत, वडील जवाहरलालजी स्वतः मंत्री राहिलेले, हेही मंत्री झाले, तरी 2014 ला औरंगाबाद पूर्वमधून पडले. राजीव चंद्रशेखर मोबाईल कंपनीतून मीडियात आले, एशियानेट न्यूजमध्ये पैसा घातला, 2006 पासून आपल्या कर्नाटकातूनच राज्यसभेवर, 2021 ला केंद्रात राज्यमंत्री. 2024 ला पहिल्यांदा लोकांपुढे तिरुअनंतपुरमला उभे राहिले आणि 16,000 च्या आसपास मतांनी हरले. बरं, आपल्या चॅनेलवर फुकट जाहिरात करू म्हणशील, तर तीही रेटकार्डाच्या भावानं तुझ्या खर्चात धरतात. विधानसभेला मर्यादा 40 लाख. तुझ्याच दरानं ती किती दिवसांत संपेल ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

उलटं उदाहरण म्हणून बर्लुस्कोनीचं नाव घेतलंस. तीन चॅनेल हातात, 1994 च्या जानेवारीत टीव्हीवरूनच पक्षाची घोषणा आणि मे मध्ये इटलीचा पंतप्रधान, खरंय. पण ते पहिलं सरकार डिसेंबरातच पडलं, पुढं परत निवडून आला तरी ‘चॅनेल कुणाचं आणि सरकार कुणाचं’ हा प्रश्न शेवटपर्यंत मागं लागला तो लागलाच. तसलं आपल्याकडं नको.

मला खरी काळजी वेगळीच आहे. 2019 च्या पुरात तुझ्या चॅनेलनं पडलेल्या भिंतीपुढं बसलेली ती म्हातारी दाखवली, अख्ख्या जिल्ह्यानं बघितली, तुमचं काम तिथं संपलं. आमदार झालास की तीच म्हातारी सकाळी सातला दारात येणार, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद, घर जास्त नुकसानीच्या ए कॅटेगरीत पाहिजे होतं ते कमी नुकसानीच्या सी मध्ये घातलंय म्हणून. आता तुला इंजिनिअरचा रिपोर्ट बघायचाय, व्हिलेज अकौंटंटनं, म्हणजे तलाठ्यानं, काय लिहिलंय ते बघायचंय, फोटो कुठल्या तारखेचा ते बघायचंय, आणि तो सगळा कागद कन्नडमध्ये. बाजारात बोलण्यापुरतं येतं तुला, फाईल वाचण्यापुरतं येत नाही. पीए वाचून दाखवेल तिथं सही करणारा माणूस पीएच्या मुठीत जातो. आजपासून शिकवणी लाव, आणि कुणी म्हणालं की मराठी असून कन्नड शिकतोस, तर म्हण की म्हातारीचा कागद वाचायला शिकतोय. मराठी कागदाच्या मागणीसाठी भांडायचं असेल, ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांवर आहेत तिथं त्यांच्या भाषेत सूचना द्यायच्या हा दंडक पाळून घ्यायचा असेल, तरी तो दंडक दाखवायला कन्नड फाईलच उघडावी लागते.

सीमाप्रश्नावर तुला पहिल्याच सभेत विचारतील, येळ्ळूरला तर नक्कीच. राष्ट्रीय पार्टीत का गेलास, महाराष्ट्र एकीकरण समिती का सोडलीस. गोलमाल बोलू नको. 2018 ला आणि 2023 ला समितीचा एकही आमदार आला नाही, हे सगळ्यांच्या मनाला लागलेलं आहे, त्यावर मीठ चोळू नको. 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, निकाल लागेपर्यंत मी काय करणार एवढंच सांग आणि ते कर.

तर माझं म्हणणं, भावाकडे नको, बाहेरच्याला वीक. भाव थोडा कमी आला तरी चालेल, घेणारा तुझ्या पार्टीचा नसला म्हणजे झालं, आणि आत्ताचं स्टाफ दोन वर्षं तरी ठेवायचं हे करारात लिहून घे, त्या पोरांनी रात्रंदिवस तुझ्यासाठी धावपळ केलीय. न्यूजरूमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधूनही बाहेर पड, विकल्यावरही ‘ही बातमी जरा’ म्हणून फोन करायचा मोह होईल, नंबरच ठेवू नको.

रविवारी सकाळी घरी ये. शेअर कुणाच्या नावावर किती, बँकेचं कर्ज किती, सरकारी जाहिरातींची येणी किती अडकलीत, सगळे कागद आण, वकिलांनाही बोलावलंय. पण त्याच्या आधी भावाशी बस की एकदा. त्याचं पोटही त्या चॅनेलवरच आहे, विकायचं ठरलं हे त्याला गावातून कळता कामा नये.

तुझा,
काका