आईची पेटी आणि 20 नोव्हेंबर ही तारीख

सोलापूरच्या साखर पेठेत माहेर असलेल्या एका भगिनींचे पत्र आले आहे. वडील आधीच गेले होते, आई 2022 च्या ऑगस्टमध्ये गेली. तेराव्याच्या दिवशी दोघी बहिणी आणि भाऊ यांनी मिळून आईची पत्र्याची पेटी भावाच्या घरी सांभाळायला ठेवली. पेटीत आईची सोन्याची बोरमाळ, दोन इरकली लुगडी, देवघरातले चांदीचे टाक आणि वडिलांचा हातमागावरचा लाकडी धोटा आहे. पुढे भगिनींनी पेटी मागितली, तेव्हा 20 नोव्हेंबर 2023 रोजी भावाचा व्हॉट्सॲपवर निरोप आला: ‘पेटी तुम्ही माझ्याकडे सांभाळायला दिली हे खरे, पण आता त्यातले काही मिळणार नाही.’ आता जुने घर पाडून इमारत उभी राहायची आहे, आणि पेटीचे काय होणार या काळजीने भगिनींनी लिहिले आहे. धाकटी बहीण, परगावी संसार आणि माहेरी राहून गेलेली पेटी, अशा मजकुराची पत्रे मला सतत येतात, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर देतो.

विवाहित मुलीला आईच्या वस्तूंत हक्क असतो का, या प्रश्नावर मी जागा घालवत नाही, तो असतो. आपल्या प्रकरणाचा निकाल हक्कावर लागणार नसून मुदतीवर लागणार आहे. मुदतीचा कायदा, 1963 याच्या परिशिष्टातील अनुच्छेद 70 सांगतो की, सांभाळायला ठेवलेली जंगम वस्तू परत मिळवण्याचा दावा, मागणी केल्यानंतर नकार मिळाल्याच्या दिवसापासून तीन वर्षांच्या आत दाखल झाला पाहिजे. नकाराचा दिवस मोजणीतून वगळला, तरी आपला शेवटचा दिवस 20 नोव्हेंबर 2026 हा येतो. त्या दिवसानंतर दावा दाखल झाला, तर भावाने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी न्यायालयाला कलम 3 प्रमाणे तो फेटाळावाच लागतो, आणि कलम 27 मुळे वस्तूवरील हक्कच संपुष्टात येतो.

‘उशीर माफ करून घेता येतो’ असे आपल्याला कोणीतरी सांगितल्याचे पत्रात आहे. उशीर माफ करणारे कलम 5 अपिलांना आणि अर्जांना लागू आहे, दाव्याला नाही. या एका गैरसमजापायी बुडालेले दावे मी पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी पक्षकाराचे म्हणणे एकच असते की, वकिलाने दिवाळीनंतर बघू म्हटले होते. नव्याने नोटीस पाठवली आणि भावाने पुन्हा नकार दिला, तर मुदत त्या दिवसापासून सुरू होईल का, असेही आपण विचारले आहे. नाही होणार. घड्याळ पहिल्या स्पष्ट नकाराला सुरू झाले आणि दुसऱ्या नकाराने ते मागे जात नाही.

आता ज्या गोष्टीने मी खरोखर अस्वस्थ झालो, ती सांगतो. आपण पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जात ‘भावाने पेटी चोरली’ असे लिहिले आणि त्या अर्जामागे पाच महिने घालवले. पोलिसांनी हा दिवाणी वाद आहे म्हणून हात वर केले, हे अपेक्षितच होते, आणि ते पाच महिने मुदतीतून वजाही होत नाहीत. खरे नुकसान त्या एका शब्दाने होऊ शकते. चोरीस गेलेल्या किंवा अप्रामाणिकपणे बळकावलेल्या वस्तूला अनुच्छेद 68 लागतो. तेथेही मुदत तीनच वर्षांची असली, तरी ती वस्तू कोणाच्या ताब्यात आहे हे मालकाला प्रथम कळल्यापासून मोजली जाते. पेटी भावाकडे आहे हे आपल्याला तेराव्याच्या दिवसापासून, म्हणजे 2022 पासून, ठाऊक होते. समोरचा वकील आपलाच अर्ज पुढे करून दावा 2025 मध्येच मुदतबाह्य झाला, असा युक्तिवाद करणार हे गृहीत धरा. म्हणून दाव्यात ‘चोरी’ हा शब्द कोठेही येऊ देऊ नका. पेटी विश्वासाने सांभाळायला दिली, मागितली, आणि अमुक दिवशी नकार मिळाला, या तीन गोष्टी स्पष्ट लिहा. भावाने एका वाक्यात त्या कबूल केल्या आहेत, हे आपले भाग्य समजा.

तो निरोप मात्र आपण फक्त छायाचित्र काढून ठेवला आणि जुना फोन भाचीला दिला. तो फोन आजच परत घ्या आणि त्यातले काही पुसू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात आणण्यासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्र लागते आणि मूळ फोन हाताशी असला की ते काम सोपे जाते. हाच निरोप मुदतीची तारीखही ठरवतो, म्हणून तो झाकून ठेवावा असा विचार मनात आणू नका. तो भावाच्याही फोनमध्ये आहे.

हक्काचा प्रश्न वस्तूगणिक वेगळा आहे. धोटा वडिलांनी हयातीत आपल्या हातात दिला आणि आपणच तो आईच्या पेटीत ठेवला, असे आपण लिहिता. हस्तांतरण झालेले ते पूर्ण बक्षीस आहे, तेव्हा धोटा एकट्या आपला. बोरमाळेचे तसे नाही. ‘ही तुझी’ असे आई अनेकदा म्हणाली, पण ती तिच्या गळ्यातच राहिली. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 123 प्रमाणे जंगम वस्तूचे बक्षीस नोंदणीकृत दस्ताने किंवा प्रत्यक्ष ताबा देऊनच होते, नुसत्या शब्दाने होत नाही. स्त्रीधन मुलींनाच मिळते ही जुन्या हिंदू कायद्यातील समजूतही आता उपयोगाची नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 च्या कलम 15 नुसार आईची मालमत्ता मुलगे आणि मुली यांना सारखी जाते, म्हणून बोरमाळेत आणि लुगड्यांत आपण तिघे समान, प्रत्येकी एक तृतीयांश. थोरल्या बहिणीला दाव्यात पक्षकार करावेच लागेल. त्या ‘मला यात ओढू नकोस’ म्हणाल्या, तरीही. सहवारसाचा ताबा सर्वांच्या वतीने मानला जातो आणि तो उघडपणे हक्क नाकारतो तेव्हा चित्र बदलते, यावर वाद होऊ शकतो. परंतु तोही युक्तिवाद त्याच नोव्हेंबरपाशी येऊन थांबतो, म्हणून त्यावर विसंबून राहू नका.

टाकांविषयी मी आपल्याला नाउमेद करणार आहे. कुलदैवताच्या टाकांचे सोन्याचांदीसारखे तुकडे पाडून वाटप होत नाही. न्यायालये फार तर पूजेच्या पाळ्या लावून देतात, आणि विवाहित मुलीच्या मागणीकडे ते कसे पाहतील हे मी सांगू शकत नाही. वेगळे राहणारे भाऊसुद्धा नवे टाक घडवून तुळजापूरला किंवा जेजुरीला नेतात, हा आपल्याकडचा रिवाज आहे. टाकांचा आग्रह धरलात, तर भाऊ सारे प्रकरण देवाच्या नावाने लढवेल आणि बोरमाळेचा मुद्दा मागे पडेल. माझे मत विचाराल, तर टाक त्याच्या घरी राहू द्या आणि तसे दाव्यातच लिहून द्या.

धोट्यासाठी पैसे घेऊन गप्प बसा, असे आपल्याला सुचवले गेले आहे. कायदा तसे म्हणत नाही. विशिष्ट साहाय्य कायदा, 1963 च्या कलम 8 नुसार, पैशाने ज्या वस्तूची भरपाई होत नाही ती प्रत्यक्ष परत मागता येते, आणि पैसे पुरेसे नाहीत असेच न्यायालयाने, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरायचे असते. 1877 च्या जुन्या कायद्यात या तत्त्वाचे उदाहरणच घराण्याच्या देवमूर्तीचे होते. बाजारात कोणी विचारणार नाही अशा लाकडी धोट्यावर वडिलांच्या हाताची झीज असेल, तर त्याला कायद्याचेही संरक्षण आहे. वस्तू मिळालीच नाही तर पर्यायी रक्कम किती, हे मात्र दाव्यात लिहावेच लागते.

दिवाणी दावा वर्षानुवर्षे रेंगाळतो, ही माझ्या व्यवसायाची मला बोचणारी बाब आहे. तोपर्यंत बोरमाळ एखाद्या सराफाकडे मोडीत गेली, तर हुकूमनाम्याचा कागद काय कामाचा? म्हणून दाव्यासोबतच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 39 खाली दोन अर्ज द्या: पेटीतील वस्तू विकू, मोडू अगर हलवू नयेत असा मनाईहुकूम, आणि न्यायालयाच्या माणसाने पेटी उघडून यादी करावी असा नियम 7 खालील अर्ज. बोरमाळेचे वजन आणि मणी किती हे आठवून लिहा आणि आईच्या गळ्यात ती स्पष्ट दिसते असा लग्नाचा फोटो जोडा. घर पाडायची तारीख ठरली असेल, तर ती अर्जात ठळकपणे द्या.

खर्चाची चिंता आपण लिहिली आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला तिचे उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी सहाय्य मिळते. त्यासाठी सोलापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करा, पण या महिन्यातच, कारण वकील नेमून मिळायलाही वेळ जातो. भावाशी तडजोड करायला माझी हरकत नाही, उलट लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला हुकूमनाम्याचे बळ येते. फक्त आधी दावा दाखल करा, मग बोलणी करा. दाव्याआधीच तो मवाळ झाला, तर वस्तूंची यादी असलेला कागद 20 नोव्हेंबरपूर्वी त्याच्या सहीने घ्या. अशा लेखी कबुलीने मुदतीच्या कायद्याच्या कलम 18 प्रमाणे मुदत नव्याने सुरू होते. व्हॉट्सॲपवरच्या ‘हो’ला सही मानतील की नाही, यावर मी आपली बोरमाळ पणाला लावणार नाही. यंदा दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे आणि त्या सुमारास न्यायालयांना सुट्टी असते, तेव्हा गणपतीपूर्वीच कागद तयार ठेवा.