मशीन लावूनही दुपारी मान पडते? आधी तास मोजा

दादा, तुम्ही लिहिलंय की सीपॅप (झोपेत श्वास थांबण्याच्या आजारावर मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन) लावून सात महिने झाले, घोरणं बंद झालं, स्क्रीनवर एएचआय २.४ दिसतो, तरी अंबाजोगाईच्या दुकानात दुपारी गल्ल्यावर मान पडते. घरचे म्हणायलेत, पैसे पाण्यात गेले, मशीन विकून टाका. विकू नका. मी परभणीत २०१६ पासून मास्क लावतो आणि पहिलं सव्वा वर्ष माझीही हीच गत होती.

एएचआय म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला, तो आकडा. पाचच्या खाली आहे म्हणजे श्वासाचं काम झालं. पण तो फक्त मास्क तोंडावर असतानाचा हिशेब असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मास्क काढल्यावर तुम्ही पहिल्यासारखेच गुदमरता, मशीनला त्याचा पत्ताच नसतो. डॉक्टरांनी माझ्या मशीनमधलं मेमरी कार्ड वाचलं तर रोजचा वापर निघाला सरासरी ४ तास १० मिनिटं. मी तर छातीठोकपणे सांगत होतो की रात्रभर लावतो. बायको म्हणाली, "तीनला लाईट गेली की झोपेतच मास्क भिरकावता, मी रोज बघायलेय." स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते आणि त्या झोपेत घशाचे स्नायू सगळ्यात सैल पडतात. नेमका तोच वेळ माझा उघड्यावर जात होता. चार तास वापर म्हणजे काठावर पास. बहुतेकांना खरा फरक सहा-सात तास लावल्यावर कळतो. मी मशीनची लाईन इन्व्हर्टरवर घेतली. (बॅटरीवर चालवताना ह्युमिडिफायरची, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या भागाची, उष्णता बंद ठेवा, सगळ्यात जास्त करंट तीच खाते.) स्क्रीनवर वापराचे तास आणि गळती, दोन्ही बघा. दाढी वाढली की मास्कमधून हवा सुटते.

तुमची शेतीही आहे म्हणता. रात्रीच्या लाईटचा आठवडा आला की पाणी द्यायला तुम्हीच जाता का? मग त्या आठवड्यात झोपच चार-पाच तास. मशीन श्वास सांभाळेल, झोपेची उधारी फेडणार नाही. पंधरा दिवस वहीत लिहा: किती वाजता पडलो, किती वाजता उठलो. दिवसाच्या लाईटच्या आठवड्यात दुपार बरी जात असेल तर अर्धं उत्तर तिथंच मिळालं.

तास वाढवूनही माझी थोडी झोप उरलीच होती. कारण निघालं गमतीचं. मशीनच्या कोरड्या हवेनं नाक चोंदायचं, शिंका यायच्या, म्हणून मी मेडिकलवरून सेटिरिझिन ही ॲलर्जीची गोळी आणून रोज रात्री घ्यायचो. तिची गुंगी काहींना दुसऱ्या दिवशीही राहते. ह्युमिडिफायर सुरू केला, गोळी सुटली, डोकं हलकं झालं. पायाच्या आगीसाठी प्रीगाबालिन किंवा गॅबापेंटिन, झोपेची किंवा चिंतेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा, स्वतःहून बंद करू नका. सोबत टीएसएच (थायरॉईडसाठी), हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि साखर तपासून घ्या. रात्री पाय वळवळतात का, मन उदास असतं का, हेही सांगा. आपण पुरुष शेवटचं सांगत नाही.

आणखी एक फरक ओळखा. आडवं पडल्यावर लगेच डोळा लागतो, की नुसतं अंग गळतं आणि झोप येत नाही? पहिली झोप, दुसरा थकवा, आणि दोन्हींची कारणं वेगळी. दिवसा कोणत्या प्रसंगी डुलकी लागते ते विचारणारी एपवर्थची प्रश्नावली भरा. मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ साली मांडलेली, आठ प्रसंग, प्रत्येकी ० ते ३ गुण. एकूण १० च्या वर म्हणजे झोप जास्त. दुपारी आडवं पडल्यावर डोळा लागतो का, या प्रश्नाला मे महिन्यात आपल्याकडे कुणीही ३ देईल, त्याचं मनावर घेऊ नका. बोलता बोलता किंवा सिग्नलला थांबलेल्या गाडीत झोप लागते का, त्याचे गुण बघा. आणि वहिनींनाही वेगळी भरायला सांगा.

हे सगळं नीट होऊनही काहींची झोप उरते. तो आळस नव्हे. वर्षानुवर्षं रात्री ऑक्सिजन खाली-वर झाला की मेंदूतल्या जागं ठेवणाऱ्या पेशींना इजा होते, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. अशा वेळी झोपेचे डॉक्टर नार्कोलेप्सीसारखा (यात दिवसा आवरेना अशी झोप येते) दुसरा आजार नाही ना ते पाहतात. त्यासाठी दिवसा दोन-दोन तासांनी झोपवून किती मिनिटांत डोळा लागतो ते मोजायची तपासणी असते. मग मोडाफिनिल किंवा आर्मोडाफिनिल ही जागं ठेवणारी गोळी देतात, सकाळी घ्यायची. चिठ्ठीशिवाय घेऊ नका. बीपी, हृदय बघावं लागतं, आणि बायकांमध्ये मोडाफिनिलनं गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो. गोळी चालू असली तरी मास्क लावावाच लागतो, कारण ती श्वास उघडत नाही. ओळखीच्या एकानं गोळीवर भागतंय म्हणून मास्क कपाटात ठेवला, आणि दोन महिन्यांत बीपी पुन्हा वर.

पुढच्या भेटीला कार्ड, वही आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन जा. तोवर लातूरहून माल आणताना स्टिअरिंग पोराकडे द्या. तास आणि एपवर्थचे गुण कळले की इथंच लिहा, पुढचं बघू.