नावाची गिटार घेऊ का? चोपड्याच्या भावाला जरा लांबलेलं उत्तर

भाऊ, तुझा प्रश्न असा की ७० हजार साठलेत, लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवतोस, सुटीत मित्रांबरोबर रॉक. एकतर गन्स अँड रोझेस बँडच्या स्लॅशच्या नावाची एपिफोन लेस पॉल, नाहीतर अमेरिकन गिटारवादक स्टीव्ह वायच्या नावाची आयबानेझ जेम ज्युनियर, दोन्ही थोडं वरखाली करून बसतात. मग नावाच्या गिटारीत खरंच काही वेगळं असतं, की नुसते स्टिकरचे पैसे?

स्टिकरचे पैसे असतातच, कलाकाराचा वाटा त्यातूनच जातो. पण चांगल्या मॉडेलमध्ये नावाखाली दुसरंही काही असतं: त्या माणसाला वाजवताना काय नडत होतं आणि त्यावर त्याने काय खटपट केली, ते. तुलाही तेच नडत असेल तर ती गिटार डोळे मिटून घे. नसेल, तर त्याचं दुखणं तुझ्या घरी येतं. मी भुसावळला बावीस वर्षं गिटारी दुरुस्त करतोय, त्याआधी तुझ्यासारखाच मंडपात उभा असायचो. त्यामुळे आधी मंडपातलंच सांगतो.

एरंडोलजवळच्या एका गावात हळद होती. मे महिना. रात्री दहालाही स्टेजच्या पत्र्यावर हात ठेववत नव्हता. माझ्याकडे उसनी आणलेली, तरंगत्या ब्रिजची गिटार होती. ब्रिज म्हणजे बॉडीवर तारा अडकवतात तो भाग, तरंगत्याला हलवायची दांडी असते. दांडी दाबली की सूर खाली, ओढली की वर. तिसऱ्या गाण्यात वरची पातळ तार तुटली आणि उरलेल्या पाचही तारा एकदम चढल्या. कारण साधं आहे. अशा ब्रिजला पुढून तारा ओढतात, मागून बॉडीच्या पोटातल्या स्प्रिंगा ओढतात, आणि तो मधे तोललेला असतो. एक तार गेली की पुढचा जोर कमी पडतो, स्प्रिंगा जिंकतात, ब्रिज मागे झुकतो. बाकीच्या तारा खुंटीवर उतरवत बसायला वेळ कुठला? त्यात लॉकिंग नट (डोक्याजवळ तारा आवळून धरणारा चिमटा) असला की आधी अॅलन की शोधा. नवरदेवाचे मित्र ओरडताहेत, कीबोर्डवाला माझ्याकडे बघतोय. शेवटी मंडपवाल्याच्या माणसाने बांबूची एक फाचर तासून दिली, ती ब्रिजखालच्या ठोकळ्याच्या नेककडच्या बाजूला घट्ट बसवली, ब्रिज जागेवर गोठला आणि पाच तारांवर रात्र निघाली.

पुढे कितीतरी वर्षांनी कळलं की ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या नावाची स्ट्रॅटोकास्टर फॅक्टरीतूनच ब्रिजमागे लाकडाचा ठोकळा बसवून येते! त्याला दांडी वापरायचीच नसते. मग ती तोललेली भानगड हवी कशाला? फेंडरने १९८८ साली काढलेलं हे त्यांचं पहिलं नावाचं मॉडेल. त्यात दुसरी गोष्ट म्हणजे २५ डेसिबलपर्यंत मधल्या पट्टीचा आवाज फुगवणारं सर्किट, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं. स्ट्रॅटचा आवाज पातळ, धारदार. क्लॅप्टनला तीच गिटार हातात ठेवून जाड आवाजही हवा होता. त्याची मूळची ‘ब्लॅकी’ तर जोडतोडच होती. १९७० साली नॅशव्हिलच्या एका दुकानातून जुन्या सहा स्ट्रॅट स्वस्तात उचलल्या, तीन मित्रांना वाटल्या, उरलेल्या तिघींचे चांगले भाग एकत्र करून एक उभी केली. २००४ च्या लिलावात ती ९,५९,५०० डॉलरला गेली.

बॅटरीवाली कुठलीही गिटार घेतलीस तर एक सवय आत्ताच लावून घे. वाजवून झालं की केबल काढ. केबल आत राहिली की सर्किट चालूच राहतं आणि बॅटरी बरोबर पुढच्या कार्यक्रमाच्या मधोमध मरते. माझ्याकडे ‘पिकअप (तारांची थरथर विजेत बदलणारी गुंडाळी) जळाला’ म्हणून जेवढ्या येतात, त्यात निम्म्यांची बॅटरी बदलून परत पाठवतो.

खटपटीचा राजा विचारशील तर व्हॅन हेलन बँडचा एडी व्हॅन हेलन. लाल रंग, त्यावर आडव्यातिडव्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, ती गिटार. बॉडी ५० डॉलरची, कारखान्याने बाजूला काढलेली. नेक, म्हणजे गिटारीची मान, ८० डॉलरचा. त्याला गिब्सनचा जाड आवाजही हवा आणि फेंडरची दांडीही हवी, बाजारात तशी मिळेना, म्हणून गिब्सनचा पिकअप काढून या बॉडीत कोंबला. मोठ्या आवाजात तो पिकअप शिट्टी मारायचा, तर वितळलेल्या मेणात बुडवला. मेण गुंडाळ्यात शिरून गोठलं की आतल्या तारेची थरथर थांबते. आज बहुतेक चांगले पिकअप असेच मेण पाजून येतात. आणि तुझ्या कामाची गोष्ट: त्याच्या ब्रिजखाली बॉडीला स्क्रूने पक्कं केलेलं १९७१ सालचं पाव डॉलरचं नाणं आहे, ब्रिज टेकून स्थिर राहावा म्हणून. म्हणजे ज्याच्यामुळे पोरं दांडीच्या नादाला लागली, त्याचाही ब्रिज तरंगता नव्हता. २००७ साली फेंडरने याच्या ३०० हुबेहूब प्रती काढल्या, दरवाज्यावरचे ओरखडे मोजावेत तसे डाग मोजून. किंमत २५ हजार डॉलर. ५० डॉलरच्या रद्दी बॉडीची नक्कल!

पण मला मनापासून आवडते ती क्वीनच्या ब्रायन मेची ‘रेड स्पेशल’. पोरगा सोळा वर्षांचा, दुकानातली फेंडर परवडत नाही, बाप इलेक्ट्रॉनिक्समधला. १९६३ मध्ये दोघांनी घरीच बनवायला घेतली, दोनेक वर्षं लागली. नेकला शेकोटीच्या चौकटीचं शंभरेक वर्षं जुनं महोगनी, त्यात किड्यांनी पाडलेली भोकं, ती काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. बॉडीत जुन्या टेबलाचं ओक. फ्रेटबोर्डवरचे, म्हणजे बोटं दाबतात त्या पट्टीवरचे, ठिपके म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. ब्रिज पोलादी धारेवर तोललेला, आणि तो परत जागेवर आणायला जुन्या पँथर मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा. दांडीच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा. पहिले पिकअपही घरी गुंडाळले होते, पण तार ओढली की आवाज विचित्र यायचा, म्हणून बर्न्स कंपनीचे घेतले, आणि शिट्टी वाजू नये म्हणून अॅराल्डाइट ओतून बंद केले. एडीने मेण पाजलं, याने अॅराल्डाइट. दुखणं एकच.

तिच्या तीन पिकअपना प्रत्येकी दोन स्विच आहेत. एक चालू-बंद करायला, दुसरा त्या पिकअपची फेज, म्हणजे लहरीची दिशा, उलटी करायला. दोन पिकअप उलट्या फेजमध्ये लावले की काही स्वर एकमेकांना खातात आणि जे उरतं ते नाकातल्यासारखं, टोकदार. मेचा तो गाणारा आवाज बराचसा या स्विचांत आहे, आणि बाकीचा त्याच्या बोटांत असलेल्या सहा पेन्सच्या नाण्यात. तो प्लास्टिकचं पिक वापरतच नाही. आता या गिटारीच्या प्रती त्याच्याच नावाने मिळतात, बऱ्याही असतात. पण बापाने पोराला सोबत घेऊन रंधा मारलेलं लाकूड दुकानात कुठून मिळणार. (याच बँडचा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीला शाळेत होता, तिथेच त्याचा पहिला बँड. हे इथे बहुतेकांना माहीत आहे, तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

आता तुझ्या स्लॅशकडे येतो. लेस पॉल हे आधी माणसाचं नाव, मग गिटारीचं. गिब्सनने १९५२ मध्ये त्या वादकाच्या नावाने ती काढली. नावाच्या गिटारींतली सगळ्यात गाजलेली हीच. १९६१ ला कंपनीने तिला बारीक, दोन शिंगांची केली, ते त्याला रुचलं नाही, दोनेक वर्षांत नाव निघालं. तीच आज आपण एसजी म्हणतो, एसी/डीसी बँडच्या एंगस यंगच्या गळ्यातली. जुनी जाड बॉडी १९६८ ला परत आली.

आणि स्लॅशची गंमत तर ऐकच. त्याच्या बँडच्या १९८७ च्या पहिल्या अल्बमवर जी लेस पॉल ऐकून तू वेडा झालायस ती गिब्सनची नव्हतीच! क्रिस डेरिग नावाच्या कारागिराने हाताने बनवलेली नक्कल होती, तीत सेमूर डंकनचे पिकअप. पुढे २०१० ला गिब्सननेच त्या अल्बमच्या नावाने स्लॅशचं मॉडेल काढलं. म्हणजे अस्सल कंपनीने आपल्याच नकलेची नक्कल केली, आणि तू आता एपिफोनची, म्हणजे गिब्सनच्याच स्वस्त धाकट्या बहिणीची चौकशी करतोयस. वाईट नाही, फक्त साखळीतली कडी कितवी आहे ते माहीत असू दे.

तुझ्या कामासाठी मात्र तिच्या बाजूने एक मोठा मुद्दा आहे: हंबकर पिकअप. मंडपात जनरेटर, डिमर, एलईडीच्या माळा, अर्थिंगच्या नावाने बोंब. स्ट्रॅटसारख्या एकेरी गुंडाळीच्या पिकअपमध्ये ही सगळी घरघर शिरते, गाणं थांबलं की भुंगा ऐकू येतो. गिब्सनच्या सेथ लव्हरने पन्नाशीच्या दशकात दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडून ती घरघर आपसांत मारायची युक्ती काढली, १९५७ पासून लेस पॉलमध्ये तेच पिकअप आले. जेम ज्युनियरमध्येही दोन हंबकर आहेत, मधला तेवढा एकेरी. आणि वाजवताना माइकला ओठ लागून चटका बसला तर गिटारीला शिव्या देऊ नकोस, आधी जनरेटरवाल्याला अर्थिंग ठोकायला लाव. हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये.

लेस पॉलच्या विरुद्ध दोन मुद्दे. वजन चार किलोच्या आसपास, हळद चार-पाच तास. डाव्या खांद्याला विचार. दुसरं, तिचं डोकं मागे कललेलं असतं आणि नेकच्या नेमक्या त्याच जागी ट्रस रॉडसाठी (नेक सरळ ठेवणारी आतली सळई) लाकूड कोरलेलं. उभी ठेवलेली गिटार नुसती मागे पडली तरी तिथे चीर जाते. तुम्ही लोक पिकअप गाडीत स्पीकरच्या खोक्यांवर मऊ बॅगेत गिटार टाकता, तेव्हा माझी दिवाळी होते. मागच्या उन्हाळ्यात एक अशीच आली, डोकं फक्त पातळ वेनियरवर लोंबकळत होतं, तारांनी धरून ठेवलेलं. चीर बोटाने उघडून आतपर्यंत सरस सोडायचा, क्लॅम्प आवळायचा, बाहेर आलेला सरस ओल्या फडक्याने पुसायचा, आणि दोन दिवस तिच्याकडे बघायचंही नाही. जोड लाकडापेक्षा पक्का होतो, पण रेषा राहते.

स्टीव्ह वायची गिटार भन्नाट आहे, १९८७ पासून आयबानेझ बनवते. बॉडीत हात घालून उचलायची मूठ, २४ फ्रेट, आणि ब्रिजमागे खोल खड्डा, कारण वायला दांडी खालीच नव्हे, वरही भरपूर ओढायची असते. तू ओढणार आहेस? अहिराणी गाण्यांच्या मुखड्यात? तुझ्या रॉकच्या यादीतही मला दांडीचं एकच गाणं दिसलं. शिवाय तुला दर दोन गाण्यांनी ट्यूनिंग अर्धा सूर उतरवावं लागतं असं तूच लिहिलंयस, आणि तरंगत्या ब्रिजवर ते म्हणजे प्रत्येक तार चार-चारदा फिरवणं. मी ती तुला घेऊ देणार नाही.

आणि आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर, हवा कोरडी ठणठणीत. फ्रेटबोर्डचं लाकूड रुंदीत आकसतं, फ्रेटची धातूची टोकं बाहेर येतात आणि हात सरकवला की बोटं ओरबाडतात. मग लोक काय करतात, गिटार कूलरसमोर भिंतीला टांगतात. दिवसभर ओली हवा, रात्री कूलर बंद, लाकूड पुन्हा कोरडं. त्यापेक्षा कूलर नसलेल्या आतल्या खोलीत बॅगेत ठेव. दुपारी गाडीच्या डिकीत कधीच नाही. ट्रस रॉडला वर्षातून दोनदा हात लागतो, उन्हाळा तापल्यावर एकदा आणि पाऊस लागला की एकदा, तेही पाव वळशाच्या पुढे नाही.

तर माझं म्हणणं: स्लॅशवर जीव असेल तर लेस पॉलच घे, पण बिननावाची. एपिफोनची साधी स्टँडर्ड घेतलीस तर जे पैसे वाचतील त्यात कडक केस आलीच पाहिजे, आणि उरतील ते अॅम्पसाठी किंवा बऱ्या प्रोसेसरसाठी (अॅम्पचं काम करणारी छोटी पेटी). ऑर्केस्ट्रात तू थेट मिक्सरला जातोस, तिथे प्रोसेसरमधला स्पीकरचा सिम्युलेशन नसेल तर स्लॅशची खरी गिटार आणून दिली तरी डास गुणगुणल्यासारखी वाजेल. आवाज पुढे जवळ न्यायचाच असेल तर सेमूर डंकनचे अल्निको टू प्रो पिकअप टाकू, अर्ध्या दिवसाचं काम आहे. नाव हवंच असेल तर घे बाबा, सोळाव्या वर्षी मीही भिंतीवर पोस्टर लावून त्याच्यासमोर वाजवलंय, पण मग केस आणि प्रोसेसरला पैसे उरणार नाहीत, हे आत्ताच मान्य करून घे.

गिटार आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी हातात आली तर लगेच सेटिंगला आणू नकोस. पंधरा दिवस तुझ्याच खोलीत राहू दे, लाकडाला इथली हवा लागू दे, मग ये. येताना कंपनीच्या तारा काढून आणू नकोस, तशाच ताणलेल्या राहू दे, नाहीतर नेक कुठे जातोय ते मला दिसणार नाही. आणि रविवारी नको, बाजाराच्या दिवशी टपरीसमोर पार्किंग मिळत नाही.